पाण्याकडे पाठ

माझ्या मामाला सगळे उलटेमामा म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस स्वभावाने उलटा असेल, पूर्व म्हटलं की पश्चिमेला जाणारा. तसं काही नाही. तो इतका सरळ आहे की कधीकधी माझी तळपायाची आग मस्तकात जाते. उलट बोलण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे. मामा फक्त उलटा चालतो, आणि तेही एकाच ठिकाणी, धबधब्यामागच्या कपारीवर.

ती जागा आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात. आमच्या घरामागे डोंगराला मोठी चीर पडलेली आहे. नदी वरून येते आणि त्या चिरेत कोसळते. कोसळणारं पाणी आणि कडा यांच्या मधे फार जुन्या काळी कुणीतरी दगड फोडून वाट काढली. वाट कसली, फळीएवढी रुंदी. कड्याच्या अंगाला साखळी ठोकलेली आहे, ती धरून चालायचं. दुसऱ्या अंगाला काहीही नाही, नुसती दरी. मध्यावर एक वळण येतं. तोवर कडा सगळं झाकून ठेवतो, कानावर फक्त आवाज. वळणावर मात्र दगड बाजूला होतो आणि माणूस एकदम पाण्याच्या आतल्या बाजूला उभा असतो. बघायचं ते तिथूनच. मग लगेच शेजारच्या भोकातून वाकून गुहेत शिरायचं, कोरलेल्या पायऱ्या चढायच्या, आणि डोंगराच्या माथ्यावर उन्हात बाहेर पडायचं. परतायची पायवाट माथ्यावरून. कपारीवरून उलट दिशेने कुणी येत नाही, कारण त्या ओल्या पायऱ्या उतरणं म्हणजे हाडं मोजायला बसणं.

ही वाट कुणी काढली, कशासाठी काढली, कुणालाच ठाऊक नाही. आम्ही पाहुण्यांना सांगतो, माहीत नाही. काही पाहुणे नाराज होतात. त्यांना काहीतरी राजा, राणी, खजिना हवा असतो. मी म्हणते, बाबांनो, हातोडीने दगड फोडत कुणीतरी पाण्याच्या पोटात गेलं, एवढं पुरत नाही का तुम्हाला?

मामा वाटाड्या. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तेही वाटाडे. या वाटेवर नेण्याची रीत अशी, की वाटाड्याने सगळ्यांच्या पुढे असायचं आणि तोंड पाहुण्यांकडे ठेवायचं. पायाखालची वाट टाचेने ओळखायची. डोळे पायासाठी नाहीत, ते चेहऱ्यांसाठी. कुणाचा ओठ कोरडा पडला, कुणाची नजर खाली घसरली, कुणाला गरगरायला लागलं, हे त्या माणसाला कळायच्या आधी वाटाड्याला कळलं पाहिजे. आणि वळणावर तर जास्तच. तिथे समोर जे दिसतं त्याने माणूस हरखून जातो, हातातली साखळी सोडतो, एक पाऊल पुढे टाकतो. म्हणून त्या जागी एकाने तरी तिकडे बघायचं नाही. तो एक म्हणजे वाटाड्या. आजोबांच्याही आधीच्या एका वाटाड्याने म्हणे एकदा एकट्याने जाऊन मान वळवली होती. पुढे काय झालं ते आमच्याकडे कुणी बोलत नाही, आणि त्या वाटेवर एकट्याने जायचं नाही हा नियम तेव्हापासूनचा.

मामाला परक्या भाषेतला एक शब्द येत नाही. कुठून कुठून माणसं येतात, कुणी उंच, कुणी गोरी, कुणी अंगभर कॅमेरे टांगलेली, आणि मामा त्यांना आपल्याच भाषेत बजावतो, "माझ्याकडे बघा." त्यांना कळतं. चेहरा वाचायची सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरात कुणाची काही लपवायची सोय नव्हती. आमटी खारट झालेली त्याला चाखावी लागायची नाही, माझ्या तोंडाकडे बघून तो आधीच पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा. कधीकधी दुकानातूनसुद्धा तो पाठीने बाहेर पडायचा, दुकानदाराकडे बघत बघत. नवखा दुकानदार बिचारा विचारायचा, अजून काही राहिलं का.

मी त्याची भाची. आई गेल्यावर मामा-मामीने मला वाढवलं, आणि मी त्यांच्या डोक्यावर बसले ती बसलेच. आता पन्नाशी जवळ आली तरी तिथेच आहे. माझं काम खाण्याचं. सकाळी सामान घेऊन मी पायवाटेने माथ्यावर जाते, चूल पेटवते, आणि गुहेच्या वरच्या तोंडाशी वाट बघत बसते. गरम सूप, भाजलेले बटाटे, अंडी, पाव, चहा. कपारीवर मी कधी पाय ठेवला नव्हता. मला उंचीची भीती. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तरी मी मामीला हाक मारते, आणि ती माझ्याहून वीतभर बुटकी आहे.

पण माथ्यावर बाहेर पडणारी माणसं मी आयुष्यभर बघितली. ती बाहेर येतात तेव्हा बोलत नाहीत. खाली अंगणात ज्यांच्या तोंडाचा पट्टा बंद होत नव्हता, तेच वर येऊन गवतावर बसतात आणि हातात दिलेला वाडगा धरून ठेवतात. खातात, पण काय खातोय ते त्यांना कळत नाही. सुरुवातीला मला राग यायचा. पहाटेपासून राबून सूप करावं आणि कुणी बरं म्हणू नये? मग हळूहळू लक्षात आलं की यांच्या आत काहीतरी इतकं भरलंय की सुपाला जागाच नाही. बऱ्याच वेळाने एकजण बोलतो आणि मग सगळे एकदम बोलतात. त्या बोलण्यातून ती जागा मी तुकड्या-तुकड्याने ऐकली. कुणी उजेडाबद्दल बोलायचं, कुणी भिंतीबद्दल, कुणी नुसतेच हात पसरून दाखवायचं. माझ्या मनात त्याचं काही चित्र जमत नसे, पण अंगावर काटा मात्र यायचा.

मग ती मायलेकींची जोडी आली.

मुलगी तिशीची, आई साठीच्या पुढची, दोघी आपलीच भाषा बोलणाऱ्या. नेहमी गुहेतून पहिला मामा बाहेर पडतो, पाठीने. त्या दिवशी आधी मुलगी आली, आईला कमरेत धरून. आईचा चेहरा पिठासारखा पांढरा. मामा सगळ्यांच्या मागून आला आणि दगडावर बसला.

"आईला गरगरत होतं," मुलगी म्हणाली. तिचं बोट रागाने मामाकडे रोखलेलं. "तिने साखळी सोडली. मी दंड धरला म्हणून, नाहीतर... आणि हे माझ्याकडे बघून हसत होते. आई माझ्या मागेच होती. हातभर अंतरावर."

मी आईला आडवं केलं, पाय उंच केले, साखरेचं पाणी पाजलं. ती बरी झाली, उलट मुलीलाच समजावू लागली. माझा जीव भांड्यात पडला. मग मी मामाकडे वळले, तोंड सोडायच्या तयारीनेच.

"काय झालं तुला? बाई पडली असती."

"मला दिसली नाही," मामा म्हणाला.

"दिसली नाही म्हणजे? सुई होती का ती?"

 मी वाडगा त्याच्या बाजूला ठेवला. तो हाताने चाचपू लागला. वाडगा गुडघ्याला लागून होता आणि हात गवतावर फिरत होता. मी सुपाचा डाव हातात घेतला, त्याच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला आणि विचारलं, "मामा, माझ्या हातात काय आहे?"

"कुठल्या हातात?" तो म्हणाला.

मी डाव खाली ठेवला. पुढे मी त्याला काहीही बोलले नाही, आणि मी बोलत नाही म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय हे मामीला घरी पाय ठेवताच कळलं.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी दिवे मारून, ठिपके दाखवून, दोन-तीनदा तपासलं. म्हणाल्या, काचबिंदू आहे. कडेची नजर गेली, ती परत येणार नाही. मधे एक छोटं भोक उरलंय, त्यातून चांगलं दिसतंय. थेंब घातले तर ते आणखी थोडे दिवस टिकेल, पण मिटत चाललंय हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

"इतके दिवस कुठे ठेचकाळला नाहीत?" त्यांनी मामाला विचारलं. "चालताना कळलं असेल ना?"

"मी बघून चालतच नाही," मामा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते खरं बोलतायत, पण समजावून सांगायला दिवस जाईल. एरवी मी हसले असते. घोळ हाच होता. आम्ही सगळे जन्मभर पाहुण्यांना कौतुकाने सांगत आलो, आमचा मामा डोळे मिटूनही वाट चालेल. त्यामुळे डोळे गेल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पाय चुकत नव्हते ना.

मामाने त्याच दिवशी कपार सोडली. कुणाला सांगावं लागलं नाही. "मला एका वेळी एकच चेहरा दिसतो," तो म्हणाला, "आणि तेवढ्यात दुसरा पडतो." पाहुणे आले तर मी त्यांना पायवाटेने माथ्यावर न्यायची, जेवू घालायची, वरून दरी दाखवायची. ते खूश असायचे. त्यांना काय माहीत पायाखाली काय राहिलंय. मामा अंगणात बसून राहायचा, मान जराशी पुढे काढून, दाराच्या भोकातून बाहेर बघावं तसा.

एके दुपारी मी आणि मामी बटाटे सोलत होतो. मामी खालमानेने म्हणाली, "सगळ्या जगाला दाखवलं यांनी. स्वतः नाही बघितलं."

"काय नाही बघितलं?"

"ते. वळणावरचं."

मी सुरी खाली ठेवली. मामी म्हणाली, लहान असताना वडिलांनी नेलं होतं म्हणे यांना, पण हे इतके घाबरले की डोळे घट्ट मिटून घेतले, ते थेट माथ्यावर येऊन उघडले. पुढच्या वेळेपासून उलटं चालायला शिकवायला घेतलं. मग कायम पाठच. एकट्याने जायचं नाही हा नियम. दुसरा वाटाड्या नाही. झालं.

मला काय वाटलं ते धड सांगता येणार नाही. आधी हसू आलं, मग इतकं रडू आलं की बटाट्याचा हात डोळ्याला लावून बसले. ज्या माणसाने उभ्या जगाला तिथे नेऊन उभं केलं, त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर ते सगळं होतं, आणि तो आमच्याकडे तोंड करून उभा. मी तशीच उठले आणि अंगणात गेले.

"तुला कधी वाटलं नाही बघावं?"

मामाने मान फिरवून मला त्याच्या भोकात आणलं. "वाटलं की."

"मग?"

"मग समोर कुणीतरी उभं असायचं."

हा असा माणूस. याच्याशी भांडायचं तरी कसं? मी म्हटलं, अजून दिसतंय ना थोडं? पावसाळा सरलाय, पाणी भरपूर आहे, आणि हेच दिवस आहेत जेव्हा सकाळचं ऊन दरीत सरळ शिरतं. पुढच्या वर्षी ऊन येईल, पाणी येईल, तुझे डोळे नसतील. चल.

"नेणार कोण? उलटं चालायला येतं कुणाला?"

"मला येईल," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. मामा इतका हसला की मामी पदराला हात पुसत बाहेर आली. डबा काढायला घाबरणारी ही कपारीवर, आणि तीही उलटी! मला राग आला, आणि रागावर माझी बरीच कामं होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, शिकव.

शिकवताना मामा वेगळाच माणूस निघाला. आवाज चढवत नव्हता, पण सोडतही नव्हता. "पायाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. टाच आधी, मग पाऊल. टाचेला विचार, पुढे दगड आहे का." मी टाचेला विचारायची आणि टाच मला पाण्याच्या पिंपावर नेऊन आदळायची. स्वयंपाकघरात सराव करताना दुधाचं पातेलं गेलं. मांजराची शेपटी गेली, म्हणजे ती वाचली, पण मांजर माझ्याशी बोलेनासं झालं. मामी भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. पण हळूहळू टाच शहाणी झाली. तिला कड कळू लागली, ओल कळू लागली. मग मामाने मला कपारीच्या सुरुवातीच्या टप्प्यावर नेलं, जिथे खाली गवत आहे, आणि मामीला पाहुणी करून माझ्यासमोर उभं केलं. मी मामीच्या चेहऱ्याकडे बघत मागे मागे जात राहिले. आयुष्यात इतका वेळ मी कुणाच्याच चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं. तिच्या भुवईत एक पांढरा केस आहे हे मला तेव्हा कळलं.

इकडे मामाचं भोक मिटत चाललं होतं. आधी त्याला ताटातली वाटी आणि पाव एकदम दिसायचे, आता वाटी दिसली की पाव हरवायचा. तो सांगत नव्हता. पण मी आता चेहरे वाचायला शिकत होते, माझ्यापासून ते लपेना.

ज्या सकाळी आभाळ अगदी स्वच्छ होतं, त्या सकाळी आम्ही निघालो. मामी फक्त म्हणाली, "मी वर चूल पेटवते," आणि सामान उचलून पायवाटेला लागली. तिच्या घरातली दोनच माणसं कपारीवर चालली होती. तिने मागे वळून बघितलं नाही, आणि का ते मला कळत होतं.

पहिल्याच अरुंद जागी गंमत झाली. मी पाठ फिरवून उभी, दोन्ही हात पुढे केले, बघते तर मामाही पाठमोरा. सवय! पाऊल वाटेला लागताच तो आपोआप फिरला होता. आम्हा दोघांचीही तोंडं घराकडे, पाठी पाण्याकडे, दरीच्या काठावर.

"मामा, तोंड इकडे," मी म्हटलं.

"अगं, मला इथे सरळ चालताच येत नाही," तो म्हणाला, आणि खरंच तो घाबरला होता. ज्या वाटेचा दगडन् दगड टाचेला पाठ, तिथे त्याचे चवडे नवखे होते. तो लहान मुलासारखा पाऊल पुढे टाकायचा, मागे घ्यायचा. मी त्याचा उजवा हात धरला, त्याचा डावा साखळीवर. "माझ्याकडे बघ," मी म्हणाले. त्याचंच वाक्य होतं, पण माझ्या तोंडून ते हुकमासारखं निघालं. त्याने मान हलवून मला भोकात आणलं आणि चालायला लागला.

भीती वाटली का? डोक्यात एकच विचार, याच्या जागी मी का नाही, निदान पुढचं दिसलं असतं. पाण्याचा आवाज वाढत गेला. आवाज कसला, तो छातीत घुमत होता, दातात घुमत होता. माझी टाच वळणाला लागली. मी अंग चोरून पलीकडे झाले, मामाला अलगद ओढून घेतलं, आणि कडा संपला.

मामाच्या तोंडावर उजेड पडला.

तो उजेड कुठून आला ते मला दिसत नव्हतं. माझी पाठ होती. मला दिसत होता फक्त मामा. त्याच्या गालावर, पांढऱ्या दाढीच्या खुंटांवर, ओल्या कपाळावर रंग हलत होते, हिरवा, मग सोनेरी, मग नाव नसलेला कुठलातरी. आधी त्याचा चेहरा अगदी कोरा झाला. मी मनात म्हटलं, संपलं, दिसत नाही याला. उशीर झाला. आणि मग त्याची मान हळूच हलली. भिंगाखाली एकेक दाणा निवडावा तसा तो बघू लागला, डावीकडून, थोडं थोडं, वर, परत खाली. बाकीचे पाहुणे एका घोटात सगळं पिऊन टाकतात. याच्याकडे एका वेळी वाटीएवढंच होतं, म्हणून तो काहीही सोडत नव्हता. माझा हात भरून आला, खांदा ठणकू लागला. मी हलले नाही. त्याचा खालचा ओठ सुटला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्याला भान नव्हतं. मी म्हाताऱ्या माणसाचा चेहरा इतका लहान होताना कधी बघितला नाही.

बऱ्याच वेळाने तो माझ्या कानाशी वाकला, म्हणजे मला ऐकू यावं.

"समोरच्या भिंतीवर माणसं आहेत. कोरलेली. रांगेने चाललेली."

"हो, पाहुणे सांगतात," मी ओरडले. वर चुलीपाशी मी ते शंभरदा ऐकलं होतं. पाण्याने तोंडं झिजलेली, हातात हात धरलेली माणसं.

"पाय आहेत अजून. पाय नीट आहेत." तो परत बघू लागला. एकेक पाय, एकेक पाय. मग थांबला. त्याची बोटं माझ्या हातावर इतकी आवळली की मला दुखलं.

"काय झालं?"

"पुढचा," तो म्हणाला. "सगळ्यात पुढचा जो आहे ना. त्याचे चवडे बाकीच्यांकडे आहेत."

मला समजायला क्षण लागला. मग माझ्या अंगावर सरसरून काटा आला, पायाच्या नखापर्यंत. कोण जाणे कधीचे ते लोक, ज्यांनी हातोडीने दगड फोडत ही वाट केली, त्यांच्यातही एकजण पाठीने चालत होता.

मामा माझ्याकडे वळला. "म्हणजे त्यानेही नाही बघितलं गं," तो म्हणाला. त्याला त्या दगडातल्या माणसाचं इतकं वाईट वाटत होतं की बघवेना.

मग तो म्हणाला, "आता तू वळ. मी साखळी धरलीय, मी हलत नाही. बघून घे."

मला वळायचं होतं. देवाशपथ वळायचं होतं. इतकी वर्षं वाडगे भरताना जे ऐकलं, ते माझ्या मानेपासून वीतभर अंतरावर होतं. पण मामाचे डोळे परत भिंतीकडे गेले होते, चेहऱ्यावर रंग हलत होते, आणि त्याचं एक पाऊल, त्याच्या नकळत, पुढे सरकलं होतं. मी त्याचा हात घट्ट केला.

"बघतेय मी," मी म्हणाले.

माथ्यावर आलो तेव्हा मामी उभीच होती. तिने वाडगा मामाच्या हातात दिला. तो गवतावर बसला आणि गप्प राहिला, चव न कळता खात राहिला, बाकी सगळ्या जगासारखा. मामीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ उगाचच लाकडं हलवत बसली.

थंडी संपायच्या आत त्याचं भोक मिटलं. आता पाहुण्यांना मी नेते, आणि चुलीपाशी मामी असते. मामाला आम्ही पायवाटेने हात धरून वर आणतो, तो गुहेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. मी पाठीने बाहेर पडले की माझ्या पावलांवरून ओळखतो. पाण्याबद्दल तो कधीच विचारत नाही. मला आधी वाटायचं, त्याला दुःख होत असेल. मग एक दिवस पाहुणे गवतावर गप्प बसलेले असताना त्याने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "चेहरे सांग."

तेव्हा मला कळलं, त्याचं काय गेलंय ते. मी त्याच्याबद्दल हळहळत होते की जन्मभर चुकीच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. त्याला ते वळणावरचं एकदा दिसलं, ते पुरलं. पण चेहरे त्याला रोज लागत होते.

आता रोज सांगते. काल एक आजोबा होते, खूप लांबून आलेले, काठीवाले. वळणावर त्यांचं तोंड उघडलं ते मिटायचंच विसरले, मी म्हटलं, पार गुहेत शिरेपर्यंत उघडं.

"दात होते?" मामाने विचारलं.

"एकही नव्हता."

मामा खुर्चीत मागे रेलून हसला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं, त्यांच्या मागे कोण होतं, ते सांग."